करडी ओळ

पान उघडलं आणि तिचा हात माऊसवरच राहिला. खरं तर ती नुसता अक्षरांचा आकार बघत होती. टूलची नवी आवृत्ती शुक्रवारी बाहेर पडायची होती, पानांचं रूप बदललं होतं, आणि बदललेलं रूप तपासायचं तर यादीतली हाताला येईल ती लायब्ररी, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोडचा गठ्ठा, उघडायची, अशी तिची सवय होती. हाताला आईची आली. वर लायब्ररीचं नाव, त्याखाली लेखक म्हणून आईचं पूर्ण नाव, आणि मग एकाखाली एक फंक्शनं, एकेका कामाचे कोडचे तुकडे. प्रत्येकाचं नाव ठळक, त्याच्या पुढची ओळ, म्हणजे हे काय घेतं आणि काय देतं ते, आणि त्याखाली करड्या अक्षरात: लेखकाने याविषयी काही सांगितलेले नाही. ती पान खाली सरकवत गेली. लेखकाने याविषयी काही सांगितलेले नाही. लेखकाने याविषयी काही सांगितलेले नाही. शेवटपर्यंत तेच. नव्या रूपात ती करडी ओळ थोडी तिरपी केलेली होती, त्यामुळे कुणीतरी मान कलती करून तक्रार करत असावं तशी ती दिसत होती. तक्रार तिचीच होती. ते वाक्य तिनं स्वतः टूलमध्ये घातलं होतं, काही वर्षांपूर्वी, आईला डोळ्यांसमोर ठेवून, थोडं रागात. ‘लेखिकेने’ लिहायचं तेवढं टाळलं होतं.

शेजारच्या टेबलावर दाढी बसला होता. त्याला ऑफिसात सगळे दाढीच म्हणत. आता त्यानं ती काढली तरी नाव काही जाणार नव्हतं. त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर लोकांना जो लायब्रऱ्यांचा संच मिळतो तो सांभाळायचं काम त्याचं, आणि त्या लायब्रऱ्यांमधली माहिती उचलून तिची वाचण्याजोगी पानं करणारं टूल तिचं. दोघांची टेबलं एकमेकांना लागून, दोघांची खिडकी एकच. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसायची आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी एक माणूस रोज या वेळी फोनवर हातवारे करत फिरायचा. आजही फिरत होता. “काय झालं?” दाढीनं न बघताच विचारलं. “आईची लायब्ररी,” ती म्हणाली. तो खुर्चीत थोडा मागे रेलला. “मला दिसली होती ती. गेल्या आठवड्यातच. म्हटलं, तुझी तू बघशील.” मग त्यानं हलक्या आवाजात पुढचं सांगितलं, “शुक्रवारपासून करडी ओळ असलेली लायब्ररी संचात राहणार नाही. नियम तुझा आहे, बाई. माझ्याशी दोन वर्षं भांडून केलायस.” तिनं मान हलवली. भांडली होती खरी. ज्याला आपली वस्तू कशाला आहे हे चार शब्दांत सांगता येत नाही त्यानं ती लोकांच्या गळ्यात मारू नये, असं भर बैठकीत म्हणाली होती, आणि म्हणताना हसली होती, कारण बैठकीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं की बोलणं कुणाला आहे.

आई गणिताची प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, योगासनं करतात. आईनं लेकीची भाषा शिकायला घेतली. सुरुवातीला तिला वाटलं, म्हातारपणाचा नाद आहे, उतरेल. पण भाषा आईच्या अंगाला बसली. या भाषेत दिलेली वस्तू मोडायची नाही. तिच्यावरून नवी करायची आणि नवी परत द्यायची, जुनी आपल्या जागी तशीच. “हे बरं आहे,” आई म्हणाली होती, “वस्तू उसनी नेऊन पोचे पाडून आणून देणारी माणसं मी जन्मभर पाहिली.” वर्षभरात आईनं याद्या जोडण्याची, तोडण्याची, चाळण्याची एक छोटी लायब्ररी लिहिली. देखणी होती. कुठे एक अक्षर जास्तीचं नाही. आणि माहिती म्हणून एक शब्द नाही. वरची ओळ वाच, आई म्हणायची. काय घेतं आणि काय देतं ते त्यात लिहिलंय. याहून जास्त ज्याला लागतं त्याला फळ्यावर कितीही समजावलं तरी कळत नाही. “पण कशासाठी ते कुठे कळतं त्यातून?” ती विचारायची. “कशासाठी ते वापरणाऱ्यानं ठरवावं,” आई म्हणायची आणि चष्मा पुसायला घ्यायची. चष्मा पुसायला घेतला की विषय संपला. हे लहानपणापासूनचं. ती शाळेतून रडत आली तरी आई आधी दप्तर उतरवून घ्यायची, पाणी द्यायची, समोर बसायची, आणि मग काही बोलायची नाही. बसून राहायची. तिच्या मैत्रिणींच्या आया केवढं बोलत. तिला त्या बोलण्याचा हेवा वाटायचा, जसा दुसऱ्याच्या घरातल्या रंगीत टीव्हीचा वाटतो. पुढे तिनं पोट भरायला जे काम निवडलं ते मुक्यांना बोलतं करायचं निघालं, हे तिच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. लक्षात आल्यावर ती स्वतःशीच हसली होती आणि आईला सांगितलं नव्हतं.

“बसून लिहून टाक,” दाढी म्हणाला. “फार तर दोन दिवसांचं काम. सांभाळणारं म्हणून कुणाचं तरी नाव लागेलच, तुझं घाल. आणि ती टिकवाली तेवढी काढून टाक.” “कुठली?” “झिपला टिक लावलेली. तसलं कुणी वापरत नाही.” तिनं पान खाली सरकवलं. होती. सगळ्यांत शेवटी, नावाच्या शेपटाला एक छोटी तिरपी टिक. झिप सगळ्यांना ठाऊक असते, भाषेत आधीपासून असते. दोन याद्या घ्यायच्या आणि जॅकेटच्या चेनसारख्या दात्यात दाता घालून जोड्या लावत जायच्या. एक यादी संपली की काम संपलं. दुसरीत जे उरेल ते गळून जातं, त्याबद्दल ना तक्रार, ना खबर. आईची टिकवाली झिप जोड्या तर द्यायचीच, वर उरलेलंही वेगळं बांधून हातात ठेवायची. वरची ओळ तेवढं सांगत होती. कशासाठी ते सांगत नव्हती. तिला एकदम तिचं लाल जॅकेट आठवलं. चेन खालून चुकीची लागलेली, एक बाजू हनुवटीखाली वर आलेली, आणि शाळेची बस कोपऱ्यावर. आई गुडघ्यावर बसून सगळी चेन पुन्हा खालपर्यंत उघडत होती. आईच्या बोटांना खडूचा वास होता. “राहू दे ना, आई, बस जाईल.” आई ऐकत नव्हती. बस गेलीच. आई तिला चालत शाळेत घेऊन गेली, आणि वाटेत एक शब्द बोलली नाही, फक्त रस्ता ओलांडताना हात घट्ट धरायची आणि पलीकडे गेल्यावरही सोडायला विसरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहायला बसली. पहिल्या फंक्शनवर कर्सर लुकलुकत राहिला. शेकडो लायब्रऱ्यांची माहिती तिनं लिहिली होती, दुसऱ्यांची लिहिलेली सुधारली होती. कुणाचंही ओबडधोबड वाक्य तिच्या हाताखालून गेलं की सरळ होऊन निघायचं. इथे पहिलं वाक्य लिहिलं आणि ते एखाद्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं. पुसलं. दुसरं लिहिलं. तेही. आई समोर बसली आहे आणि आपण तिच्या वतीनं पाहुण्यांशी बोलतो आहोत, आणि आई नुसती बघते आहे. दवाखान्यात असंच झालं होतं. डॉक्टर विचारायचे, कसं वाटतंय, आणि आई काही म्हणायच्या आत तीच सांगायची, रात्री झोप नाही, जेवण जात नाही, डाव्या कुशीवर दुखतं. आई छताकडे बघायची. एकदा डॉक्टर गेल्यावर म्हणाली, “तू छान सांगतेस. मलासुद्धा पटतं.” त्या संथ दुपारींमध्ये ती एका वाक्याची वाट बघत होती. कुठलं ते तिलाही नीट माहीत नव्हतं. पुस्तकांतली माणसं शेवटी काहीतरी म्हणतात, आणि तिनं पुस्तकं फार वाचली होती. अगदी शेवटच्या दिवसांत तिनं विचारून टाकलं, “आई, तुला मला काही सांगायचंय का?” आईनं जरा विचार केला, फळ्यावरचं उदाहरण दुरून तपासावं तसं तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “काय सांगायचं? तुला सगळं माहीत आहे.” मग चष्म्यासाठी हात पुढे केला. चष्मा उशाशी नव्हता, नर्सनं काढून ठेवला होता, आणि तो शोधण्यात ती दुपार गेली. त्यानंतर आई बोलली ती पाण्याबद्दल आणि पडद्याबद्दल.

दुपारी मावशीचा फोन आला. आईचं घर रिकामं करायचं होतं, आणि मावशीनं पदर खोचून ते अंगावर घेतलं होतं. “अगं, ऐक,” मावशी नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, “तुझ्या आईनं एक अख्खा खण भरून झाकणं ठेवलीत.” “कसली झाकणं?” “डब्यांची. बाटल्यांची. एका पेनाचं टोपण आहे, एक कुकराची शिट्टी आहे. डबे नाहीत हं, नुसती झाकणं. डबे कधीच गेले असणार. मी म्हटलं, ही बाई एवढी गणित शिकवायची, हिला एवढं कळू नये की झाकणाला डबा लागतो?” ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि मधेच थांबली. “तू जेवलीस का?” मावशीनं लगेच विचारलं. “जेवले.” “खोटं बोलतेस. आवाज रिकाम्या पोटाचा आहे. बरं, ही झाकणं टाकू ना मी? भंगारवाला उद्या येतोय.” “उद्या सांगते,” ती म्हणाली. “झाकणांवर विचार करायला एक दिवस?” मावशी म्हणाली. “आईवर गेलीस हो अगदी.”

तरी फोननंतर काम सुटं झालं. का ते तिला सांगता आलं नसतं. तिनं आईसारखं वागून बघायचं ठरवलं: वाक्य लिहायचं, आणि त्यातलं जे वरच्या ओळीनं आधीच सांगितलं आहे ते काढून टाकायचं. बहुतेक ठिकाणी जेमतेम चार शब्द उरत. खाली एखादं उदाहरण. उदाहरणं तिचं टूल नुसती छापत नाही, चालवूनही बघतं. लिहिलेलं उत्तर आणि आलेलं उत्तर जुळलं नाही तर पानच करत नाही. टूलची ही एकच गोष्ट आईला मनापासून आवडली होती. “हे ठीक आहे,” म्हणाली होती, “निदान थापा मारता येणार नाहीत.” एकेक करडी ओळ जात राहिली. गच्चीवरचा माणूस आला, हातवारे करून गेला. दाढीनं न विचारता तिच्यापुढे मशीनची कॉफी ठेवली आणि परत गेला. गुरुवारी दुपारपर्यंत एकच करडी ओळ उरली, टिकवाल्या झिपखालची. तिथे मात्र ती अडली. काय घेतं आणि काय देतं, ते वर होतं. कशासाठी, ते तिला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं सजवून लिहायचं तर आईच्या पानावर नको. ती बराच वेळ त्या टिकेकडे बघत बसली. शेवटी दाढीचं म्हणणं तिला बरोबर वाटलं. कुणी वापरत नाही ते काढलेलं बरं. आईलाही जास्तीचं अक्षर खपायचं नाही. तिनं फंक्शन काढलं, सगळं पाठवून दिलं, आणि पाण्याची बाटली भरायला उठली.

परत आली तर सगळं एकत्र बांधून बघणारा बिल्ड फुटला होता. पडद्यावर लाल ओळी. लायब्ररीचा नव्हता, लायब्ररी व्यवस्थित झाली होती. फुटलं होतं तिचं स्वतःचं टूल. टिकवाली झिप सापडत नाही, असं ते म्हणत होतं. तिनं दोनदा वाचलं. आईची लायब्ररी टूलच्या सामानात आहे एवढं तिला ठाऊक होतं, घरचीच म्हणून कधीतरी घेतलेली. पण तिच्यातलं काय कुठे लागतं हे तिनं कधी बघितलं नव्हतं, जसं आपण घरातल्या भिंतीत तारा कुठून गेल्यात ते बघत नाही. तिनं ती जागा उघडली. पान तयार करताना टूल दोन याद्या शेजारी ठेवतं: एकीत ज्या गोष्टी दाखवायच्या आहेत त्या, दुसरीत त्यांच्याबद्दल लिहिलेली माहिती. तिथे जोड्या लावायला टिकवाली झिप होती. आसपासच्या चार ओळीही तिच्या हातच्या नव्हत्या. नावं एकेका अक्षराची, मोकळी जागा मोजून सोडलेली. बदल तिच्याच नावावर नोंदलेला होता, आणि काय बदललं ते लिहायच्या जागी नुसतं एक टिंब. ती कधी टिंब देत नाही. दुसऱ्यांनी दिलं तर परत पाठवते.

मग तिला तो ताप आठवला. ती आईकडे राहायला गेली होती आणि दुसऱ्याच दिवशी तापानं आडवी झाली. टूल तेव्हा नवीन होतं. आईनं आपल्या लायब्ररीचं पान उघडून बघितलं होतं आणि ते जवळजवळ कोरं निघालं होतं. नाव, लेखक, आणि खाली काही नाही. “माझी पोरं कुठे गेली?” आईनं विचारलं होतं. “लिहिलं असतंस तर दिसली असती,” ती पांघरुणातून म्हणाली होती, कपाळावर ओला रुमाल घेऊन. तेव्हा टूल साधी झिप वापरायचं. ज्याला माहिती नाही त्याला जोडी नाही, आणि जोडी नाही ते गळून गेलं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण जे दिसत नाही ते चुकलं आहे असं वाटत नाही. आई खाटेच्या कडेला तिचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. “मी बघू का जरा?” “बघ.” कीबोर्डचा आवाज येत राहिला, एका बोटाचा, थांबून थांबून. मधूनच तो हात तिच्या कपाळावरचा रुमाल उलटायचा. त्या आवाजात तिला झोप लागली. उठली तेव्हा ताप उतरला होता आणि आईच्या पानावर सगळी फंक्शनं दिसत होती, नाव आणि वरची ओळ, बस. खाली नुसती रिकामी जागा. ती रिकामी जागा बघून तिला राग आला होता. एवढं केलं, तर दोन शब्द लिहायला काय झालं होतं? आणि घरी परतल्यावर तिनं त्या जागेत ते करडं वाक्य घातलं होतं.

ती खुर्चीत मागे टेकली. म्हणजे करडी ओळ उमटायला जागा आईनं केली होती. ज्यांच्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही तीही पानावर दिसावीत, एवढंच त्या चार ओळी करत होत्या. आईच्या लायब्ररीचीच नाही. या भाषेत लिहिणाऱ्या कुणाचीही, कुठल्याही गावातल्या घुम्या माणसाची. एवढी वर्षं. आणि ही बाई बाजूला बसून लेकीचा टोमणा आपल्याच पानावर वाचत होती आणि चष्मा पुसत होती. तिला वाटलं आता आपण रडू. तिनं वाट पाहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते साधं होतं, कांदा चिरताना येतं तसं. आलं आणि वाहिलं.

दाढीनं खुर्ची फिरवली. “लाल काय आहे एवढं?” “टिकवाली काढली.” “मग?” “आपलं टूल तिच्यावर उभं आहे.” तो उठून तिच्या मागे आला, वाचलं, पुन्हा वाचलं. “म्हणजे उद्या नियमाप्रमाणे लायब्ररी संचातून काढली असती तर—” “करड्या ओळी शोधणारं टूलच झालं नसतं.” दाढीनं दाढी खाजवली. “सासूबाई कुणाच्या होत्या गं तुझ्या आई?” “कुणाच्याच नाही. मी एकटीच.” “मग जगातला एक मोठा अन्याय टळला,” तो म्हणाला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून खांद्यावर हलकेच हात ठेवून आपल्या जागी गेला.

तिनं फंक्शन परत जागेवर ठेवलं. त्याच्याखाली लिहिलं: दोन याद्या जोडते. उरलेलं टाकत नाही. मग उदाहरण हवं होतं. तिनं थोडा विचार केला. एका यादीत डबे घातले: मोठा, मधला. दुसरीत झाकणं: मोठं, मधलं, पेनाचं, कुकराची शिट्टी. उत्तर लिहिलं: दोन जोड्या, आणि बाजूला पेनाचं टोपण व शिट्टी. टूलनं ते चालवून पाहिलं. जुळलं. हिरवं झालं. सांभाळणारे या शब्दापुढची जागा रिकामी होती. तिथे तिनं आपलं नाव घातलं. ते आईच्या नावाखाली आलं. मग तिनं मावशीला फोन लावला.

“झाकणं टाकू नकोस,” ती म्हणाली.

“अगं, पण डबे नाहीत त्यांचे.”

“असू दे.”

मागे कशावर तरी कशाचा तरी आवाज झाला, पत्र्यावर पत्रा ठेवल्यासारखा. “पिशवीत भरून ठेवते,” मावशी म्हणाली. “येशील तेव्हा ने. आणि जेव आता.”

फोन ठेवून तिनं आईचं पान पुन्हा उघडलं. करडं कुठे काही उरलं नव्हतं. ती अगदी वरून सावकाश खाली येत गेली. प्रत्येक ठिकाणी आधी वरची ओळ वाचली, पूर्ण, आई वाचायला सांगायची तशी, आणि मग खालचे आपले शब्द. खालचे नसते तरी चाललं असतं, असं तिला एका जागी वाटलं. मग आणखी एका जागी वाटलं. शेवटच्या टिकेपाशी ती थोडी थांबली. पलीकडच्या गच्चीवरचा माणूस फोन खिशात घालून टाकीच्या सावलीत नुसताच उभा होता.